आकाशातील लॅटिन नावे कशी वाचावीत

तारकांची यादी, चंद्राचा नकाशा किंवा मंगळाच्या पृष्ठभागाचे छायाचित्र पाहताना 'अल्फा सेंटॉरी', 'मारे इम्ब्रियम', 'ऑलिम्पस मॉन्स' अशी नावे समोर येतात आणि बहुतेक वाचक ती केवळ ध्वनी म्हणून पाठ करतात. वास्तविक यांतील जवळजवळ प्रत्येक नाव हे व्याकरणाने बांधलेले एक छोटे पद आहे. त्याला विभक्ती आहे, लिंग आहे, वचन आहे, आणि ते सोडवता आले तर नावच त्या वस्तूविषयी बरीच माहिती देते. हे सोडवण्यासाठी लॅटिन भाषा शिकावी लागत नाही. शाळेत संस्कृतची रूपे ज्यांनी एकदा तरी घोकली आहेत, त्यांना तर हे काम विशेष सोपे जाते, कारण लॅटिनचा कारभार संस्कृतसारखाच विभक्तिप्रत्ययांवर चालतो.

लॅटिनच का, याचे उत्तर इतिहासात आहे. टॉलेमीचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक ग्रंथ 'अल्माजेस्ट' अरबी विद्वानांनी जपला आणि वाढवला. तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने ११७५च्या सुमारास अरबीतून त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले. त्यानंतर कित्येक शतके युरोपातील विद्वान परस्परांशी लॅटिनमध्येच लिहीत होते. योहान बायर या जर्मन वकिलाने १६०३ साली 'युरेनोमेट्रिया' हा तारानकाशांचा संग्रह काढला तेव्हा त्याची भाषा लॅटिनच होती, आणि आज आपण वापरतो ती तारकानामांची मुख्य पद्धत त्याच संग्रहातून आली आहे.

आधी लॅटिन नाव ओळखावे

पहिली पायरी निवडीची आहे. ठळक ताऱ्यांची प्रचलित नावे अनेकदा लॅटिन नसतातच. रोहिणीचे आल्डेबरान, काक्षीचे बीटलज्यूस, श्रवणाचे आल्टेअर, हंसातील डेनेब आणि अभिजिताचे व्हेगा ही नावे अरबीतून आलेली आहेत. व्याधाचे सिरियस, स्वातीचे आर्क्टुरस आणि ज्येष्ठेचे अँटारेस ही मुळात ग्रीक आहेत. ज्येष्ठेचा तारा लालसर दिसतो म्हणून तो मंगळाचा, म्हणजे ग्रीकांच्या आरेसचा प्रतिस्पर्धी ठरला. अशा नावांवर लॅटिन व्याकरण चालवू नये. याउलट तारकासमूहांची सर्व अधिकृत नावे लॅटिन रूपातील आहेत, मग मूळ कथा ग्रीक असो वा नाव एखाद्या आधुनिक उपकरणाचे असो. चंद्र आणि ग्रहांवरील डोंगर, दऱ्या, मैदाने यांचे वर्गवाचक शब्दही लॅटिनच आहेत, जरी त्यांतील काही लॅटिनने ग्रीकमधून घेतलेले असले तरी.

षष्ठी विभक्ती ही किल्ली आहे

बायरने प्रत्येक तारकासमूहातील ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली आणि अक्षरापुढे समूहाचे नाव षष्ठी विभक्तीत लिहिले. म्हणून 'अल्फा सेंटॉरी' याचा सरळ अर्थ 'नरतुरंगाचा अल्फा' असा होतो; समूहाचे नाव सेंटॉरस, आणि त्याचे षष्ठीचे रूप सेंटॉरी. मराठीत आपण 'चा, ची, चे' लावतो, संस्कृतात 'स्य' किंवा 'स्याः' लागते, तसा लॅटिनमध्ये शब्दाचा शेवट बदलतो. नाव वाचताना मागून पुढे यावे: आधी कोणाचा, मग कितवा. ही एक सवय लागली की तारायादीतील मोठा भाग उलगडतो.

षष्ठीची रूपे ओळखण्यासाठी काही ठरावीक वळणे लक्षात ठेवावी लागतात. 'आ'कारान्त स्त्रीलिंगी नावांत शेवटी ए आणि ई ही दोन रोमन अक्षरे जोडून येतात आणि त्यांचा उच्चार बहुतेक निरीक्षक 'ई' असा करतात. लायरा म्हणजे स्वरमंडळ, त्याचे लायरी. अक्विला म्हणजे गरुड, त्याचे अक्विली. अँड्रोमेडा म्हणजे आपली देवयानी, तिचे अँड्रोमेडी. 'अस'ने संपणाऱ्या बहुतेक पुल्लिंगी नावांत आणि 'अम'ने संपणाऱ्या नपुंसकलिंगी नावांत 'ई' येते: सिग्नसचे सिग्नी, टॉरसचे टॉरी, स्क्युटमचे स्क्युटी. स्कॉर्पियस किंवा सॅजिटेरियससारख्या नावांत आधीच एक 'इ' असल्यामुळे लेखनात दोन 'इ' सलग दिसतात. ती छपाईची चूक समजून एक खोडू नये.

खरी अडचण तिसऱ्या वळणावर येते, आणि इथे मात्र थोडे थांबावे. लिओचे लिओनिस होते, ड्रॅकोचे ड्रॅकोनिस, ओरायनचे ओरायोनिस. इतपत अंदाज बांधता येतो. परंतु व्हर्गोचे व्हर्जिनिस होते, क्रक्सचे क्रुसिस, फॉर्नॅक्सचे फॉर्नासिस, एरीजचे एरिएटिस आणि लेपसचे लेपोरिस. यात अनियमित असे काही नाही. संस्कृतात प्रथमेत 'राजा' दिसतो आणि षष्ठीत 'राज्ञः', कारण 'राजन्' हे मूळ अंग प्रथमेत पूर्ण दिसत नाही. लॅटिनच्या या गटातही नेमके तेच घडते. प्रथमेतील रूप हे झिजलेले असते आणि शब्दाचे खरे अंग षष्ठीत उघडे पडते. म्हणून या गटातील नावे पाठ करताना केवळ प्रथमा पाठ करू नये, दोन्ही रूपे जोडीने म्हणावीत. लॅटिनचे जुने शब्दकोश प्रत्येक नामापुढे षष्ठीचे रूप छापतात, त्याचेही कारण हेच आहे.

अनेकवचनी समूह थोडे आहेत पण फसवे आहेत. मिथुन म्हणजे जेमिनी हे जुळे आहेत, त्यामुळे षष्ठी जेमिनोरम, 'जुळ्यांचा'. मीन म्हणजे पायसीस, त्याची षष्ठी पिसियम, 'माशांचा'. सर्वांत जास्त चकवणारे नाव व्हेला हे आहे. ते लायरासारखे 'आ'कारान्त दिसते, म्हणून कोणीही षष्ठी व्हेली करील; पण तो शब्द 'जहाजाची शिडे' या अर्थाचे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, आणि त्याची षष्ठी व्हेलोरम होते.

दोन शब्दांचे नाव असेल तर दोन्ही शब्दांचे नाते पाहावे. उर्सा मेजर म्हणजे 'मोठी अस्वल'. येथे दुसरा शब्द विशेषण आहे आणि संस्कृतातल्याप्रमाणे विशेषण विशेष्याच्या विभक्तीत चालते, म्हणून दोन्ही बदलतात: उर्सी मेजोरिस. केनेस व्हेनॅटिसी, म्हणजे शिकारी कुत्रे, मराठीत श्यामशबल. त्यांचेही दोन्ही शब्द बदलून केनम व्हेनॅटिकोरम असे भारदस्त रूप होते. पण कोमा बेरेनिसेस या नावात दुसरा शब्द मुळातच षष्ठीत आहे, 'बेरेनिसेचे केस', इजिप्तच्या एका राणीचे. त्यामुळे षष्ठी करताना फक्त पहिला शब्द बदलतो: कोमी बेरेनिसेस, 'बेरेनिसेच्या केसांतील'.

अक्षर आणि क्रमांक यांचा अर्थ

ग्रीक अक्षर हे तेजस्वितेचा काटेकोर क्रम दाखवते, हा समज सोडून द्यावा. बायरने ताऱ्यांचे डोळ्यांनी ठरवलेले प्रतींचे, म्हणजे तेजाच्या पायऱ्यांचे, वर्ग घेतले होते आणि एकाच वर्गातील ताऱ्यांना अक्षरे देताना तेजाची सूक्ष्म तुलना केली नव्हती. मृग नक्षत्रात काक्षी हा अल्फा आणि राजन्य हा बीटा आहे, परंतु बहुतेक काळ राजन्यच अधिक तेजस्वी असतो. मिथुनेत कॅस्टर हा अल्फा, तरी बीटा असलेला पोलक्स त्याहून ठळक आहे.

अक्षरांमधून इतिहासही कळतो, आणि याचे सर्वांत सुंदर उदाहरण आर्गो नाविस या प्रचंड जहाजाचे आहे. टॉलेमीच्या ४८ समूहांपैकी हा एक. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला-लुई द लाकाय याने अठराव्या शतकात त्याचे कॅरिना म्हणजे नौकातल, पपिस म्हणजे जहाजाचा मागचा भाग आणि व्हेला म्हणजे शिडे असे तीन भाग केले, पण ग्रीक अक्षरांची माळ संपूर्ण जहाजासाठी एकच ठेवली. अल्फा आणि बीटा दोन्ही कॅरिनाच्या वाट्याला आले. अगस्तीचा तारा हाच अल्फा कॅरिनी. परिणामी व्हेलाची यादी गॅमापासून सुरू होते आणि पपिसमधील सर्वांत तेजस्वी तारा झीटा आहे. 'अल्फा व्हेलोरम' शोधत बसणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

अक्षराऐवजी अंक असेल तर तो सहसा जॉन फ्लॅमस्टीडच्या यादीतील क्रमांक असतो, जो समूहात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो. ६१ सिग्नी म्हणजे हंसातील ६१वा. फ्रीड्रिख बेसेल याने १८३८ साली याच ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत दिसणारा सूक्ष्म बदल, मोजून ताऱ्याचे अंतर प्रथम विश्वासार्हपणे ठरवले. मोठी रोमन अक्षरे असतील, जसे आरआर लायरी किंवा टी टॉरी, तर तो तारा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, असल्याचे समजावे. या अक्षरांची सुरुवात 'आर'पासून होते, एकेरी अक्षरे संपल्यावर जोड्या येतात, आणि एका समूहातील ३३४ नावे संपली की 'व्ही ३३५' असे क्रमांक सुरू होतात. अंक आणि षष्ठीच्या मागे बारीक 'बी' किंवा 'सी' असेल तर तो त्या ताऱ्याभोवतीचा ग्रह असतो. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलो यांनी शोधलेला '५१ पेगासी बी' म्हणजे महाश्वातील ५१व्या ताऱ्याचा पहिला ज्ञात ग्रह. या गणतीत 'ए' हे अक्षर ताऱ्यासाठी राखलेले असते. या ग्रहाला २०१५ साली 'डिमिडियम' हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'अर्धा' असा आहे आणि तो अगदी मोजून निवडलेला आहे, कारण ग्रहाचे किमान वस्तुमान गुरूच्या सुमारे निम्मे आहे.

एक अपवाद आवर्जून सांगितला पाहिजे. रेडिओ आणि क्ष-किरण स्रोतांच्या नावांत समूहाचे नाव षष्ठीत नसून प्रथमेत असते. सिग्नस ए, व्हर्गो ए, सिग्नस एक्स-१, आणि आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील सॅजिटेरियस ए-तारा ही अशी नावे आहेत. त्यांत 'हंसाचा' हा भाव नाही. 'हंस या दिशेला सापडलेला सर्वांत प्रबळ स्रोत' एवढाच आहे. त्यामुळे नावात षष्ठी दिसली की बहुधा तारा, आणि प्रथमेपुढे 'ए' किंवा 'एक्स' दिसले की स्रोत, असा भेद नुसत्या विभक्तीवरून करता येतो.

अर्धे पद गळालेली नावे

काही ताऱ्यांची स्वतःची नावेही लॅटिन आहेत, आणि ती वाचताना एक युक्ती उपयोगी पडते: नावामागे 'स्टेला' हा शब्द अध्याहृत आहे का, ते पाहावे. लॅटिनमध्ये स्टेला म्हणजे तारा, आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. 'स्टेला पोलारिस' म्हणजे ध्रुवाजवळचा तारा. स्टेला गळून पोलारिस राहिले. टायको ब्राहे याने १५७२ साली शर्मिष्ठेत अचानक उजळलेल्या ताऱ्याविषयी लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात 'नोव्हा स्टेला' होती, म्हणजे नवी तारका. आज आपण नुसते नोव्हा म्हणतो आणि १९३०च्या दशकापासून अतिप्रखर स्फोटांना सुपरनोव्हा. तिमिंगल समूहातील मिरा हेही असेच विशेषण आहे. डेव्हिड फाब्रिसियस याने १५९६ साली हा तारा पाहिला, नंतर तो दिसेनासा झाला. पुढे योहानेस हेवेलियस याने १६६२ साली त्याला 'मिरा', म्हणजे आश्चर्यकारक, हे नाव दिले. प्रॉक्सिमा सेंटॉरी या नावातही हेच आहे. रॉबर्ट इनेस याने १९१५ साली शोधलेला हा मंद तारा सूर्याला सर्वांत जवळचा, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, आणि प्रॉक्सिमा म्हणजे 'सर्वांत जवळची'. नोव्हा, मिरा, प्रॉक्सिमा ही तिन्ही रूपे 'आ'कारान्त स्त्रीलिंगी का, याचे उत्तर त्या न उच्चारलेल्या स्टेलामध्ये आहे.

नामरूपी नावे याहून सरळ आहेत. मघेचे रेग्युलस म्हणजे छोटा राजा, टॉलेमीच्या ग्रीक शब्दाचे ते लॅटिन रूप आहे. ब्रह्महृदयाचे कपेला म्हणजे लहान शेळी. चित्रेचे स्पायका म्हणजे कन्येच्या हातातील धान्याचे कणीस. कन्येतीलच व्हिंडेमियाट्रिक्स म्हणजे द्राक्षे खुडणारी, कारण प्राचीन काळी पहाटे या ताऱ्याचा उदय झाला की द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम आला असे मानत. मृगातील बेलाट्रिक्स म्हणजे लढवय्यी स्त्री. शेवटी 'ट्रिक्स' आले की ती क्रिया करणारी स्त्री असते, ही खूण कायम ठेवावी. श्यामशबलातील कोर कारोली हे पूर्ण षष्ठी तत्पुरुष पद आहे: कोर म्हणजे हृदय, कारोली म्हणजे चार्ल्सचे, १६४९ साली शिरच्छेद झालेल्या इंग्लंडच्या राजाच्या स्मरणार्थ ते दिले गेले. आणि धनिष्ठेतील सुआलोसिन व रोटानेव्ह ही नावे कोणत्याही कोशात सापडणार नाहीत, कारण ती उलटी वाचायची आहेत. पालेर्मो वेधशाळेच्या १८१४च्या यादीत ती आली. वेधशाळेतील सहायक निकोलो काचातोरे याच्या नावाचे लॅटिन रूप 'निकोलाउस व्हेनाटोर' असे होते, आणि त्याची अक्षरे शेवटून लिहिली की ही दोन नावे मिळतात.

लाकायने केप ऑफ गुड होप येथे १७५१-५२ साली निरीक्षणे करून दक्षिण आकाशात जे १४ समूह कल्पिले, त्यांची नावे मुळात लांब पदे होती, आणि ती कापली गेल्यामुळे अर्थ सरकला. 'अपरातुस स्कुल्प्टोरिस' म्हणजे शिल्पकाराची कार्यशाळा. पुढे नाव एकाच शब्दाचे असावे असा आग्रह जॉन हर्शेल यांनी धरला आणि उरला स्कल्प्टर, म्हणजे स्वतः शिल्पकार. 'मॉन्स मेन्सी' म्हणजे केपजवळचा टेबल पर्वत. त्यातील पर्वत गेला आणि आकाशात नुसते मेन्सा, टेबल, राहिले. हेवेलियसचा 'व्हल्पेकुला कुम आन्सेरे', म्हणजे हंसपक्षी घेऊन चाललेली कोल्ही, आता केवळ व्हल्पेकुला आहे. पक्षी मात्र त्या समूहाच्या अल्फा ताऱ्याच्या 'आन्सेर' या नावात शिल्लक आहे. समूहाचे नाव आणि त्यातील आकृती जुळत नाही असे वाटले, तर माझा सल्ला असा की आधी त्याचे जुने, पूर्ण नाव शोधावे.

चंद्र आणि ग्रह: वर्गशब्द आधी पाहावा

चंद्र आणि ग्रहांवरील नावांत दोन भाग असतात. एक भाग भूरूपाचा वर्ग सांगतो, दुसरा भाग विशिष्ट नाव देतो. मॉन्स म्हणजे पर्वत आणि मॉन्तेस म्हणजे पर्वतरांग. व्हालिस म्हणजे दरी, अनेकवचन व्हालेस. रुपेस म्हणजे कडा. रिमा म्हणजे भेग. फोसा म्हणजे लांब खंदक. डोर्सुम म्हणजे कणा किंवा लांबट उंचवटा. कातेना म्हणजे विवरांची साखळी. तेरा म्हणजे विस्तीर्ण भूभाग. पातेरा म्हणजे उथळ, वेड्यावाकड्या काठाचे विवर. प्लानितिया आणि प्लानुम यांत गल्लत करू नये: पहिले सखल मैदान, दुसरे पठार. चंद्रावर वर्गशब्द बहुधा आधी येतो, जसे रुपेस रेक्टा, 'सरळ कडा', किंवा रिमा हॅडली. इतर ग्रहांवर तो बहुधा नंतर येतो, जसे ऑलिम्पस मॉन्स किंवा युटोपिया प्लानितिया.

चंद्राची नावे मुख्यतः जोव्हान्नी रिच्चोली याची आहेत. त्याने १६५१च्या 'अल्माजेस्टुम नोव्हुम' या ग्रंथात फ्रान्चेस्को ग्रिमाल्दीने काढलेला चंद्राचा नकाशा छापला आणि काळ्या डागांना हवामान व मनःस्थितीची नावे दिली, कारण चंद्राच्या कला हवामानावर परिणाम करतात अशी समजूत होती. येथे षष्ठी पुन्हा कामाला येते. मारे म्हणजे समुद्र. मारे ट्रँक्विलिटाटिस, शांततेचा समुद्र. मारे सेरेनिटाटिस, निरभ्रतेचा समुद्र. मारे क्रिसियम, संकटांचा समुद्र. मारे नुबियम, ढगांचा. मारे इम्ब्रियम, पावसाच्या सरींचा. शेवटच्या तीन नावांतील 'इयम' हे तिसऱ्या वळणाचे अनेकवचन आहे, पिसियममध्ये पाहिले तेच. ओशिआनुस प्रोसेलारुम म्हणजे वादळांचा महासागर; येथील 'आरुम' हे 'आ'कारान्त शब्दांचे षष्ठीचे अनेकवचन. सिनुस इरिडुम, इंद्रधनुष्यांचा उपसागर. लाकुस सोम्नियोरुम, स्वप्नांचे सरोवर. पालुस पुट्रेडिनिस, कुजण्याची दलदल. १९७१ साली अपोलो १५ याच भागात, रिमा हॅडलीच्या काठाशी उतरले. समुद्र म्हटले तरी ही बेसॉल्टच्या लाव्हाची थिजलेली मैदाने आहेत. शनीच्या टायटन या उपग्रहावरील क्राकेन मारे आणि लायजिया मारे यांत मात्र खरोखर द्रव आहे, पाण्याऐवजी मिथेन आणि इथेनचा.

दुसरा शब्द नेहमी षष्ठीतच असेल असे नाही. मारे कॉग्निटुम यात कॉग्निटुम हे विशेषण आहे, 'ज्ञात झालेला समुद्र'. १९६४ साली रेंजर ७ या यानाने तेथे आदळण्यापूर्वी पहिली जवळची छायाचित्रे पाठवली म्हणून हे नाव दिले गेले. मारे नपुंसकलिंगी असल्यामुळे विशेषणाचा शेवट 'उम' झाला, आणि रुपेस स्त्रीलिंगी असल्यामुळे तेथे 'रेक्टा' झाले. व्यक्तिनामे मात्र बहुधा जशीच्या तशी राहतात: मॉन्स हाउखेन्स. चंद्रावरील यान उतरण्याच्या ठिकाणांसाठी स्तातियो म्हणजे स्थानक हा शब्द आहे. १९६९चे अपोलो ११चे ठिकाण स्तातियो ट्रँक्विलिटाटिस, येथे नाव षष्ठीत. चांद्रयान-३चे ठिकाण स्तातियो शिवशक्ती, येथे संस्कृत नाव लॅटिन प्रत्ययाविना तसेच ठेवले आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ते मार्च २०२४ मध्ये मान्य केले.

मंगळावर नाव बदलण्याचे कारण व्याकरणातूनच कळते. जोव्हान्नी स्कियापारेल्ली याने १८७७ पासून केलेल्या नकाशांत एका उजळ ठिपक्याला निक्स ऑलिम्पिका, 'ऑलिम्पसचे हिम', म्हटले होते. मरिनर ९ यान १९७१ साली मंगळाच्या कक्षेत पोचल्यावर तो ठिपका म्हणजे सुमारे २२ किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी असल्याचे दिसले, तेव्हा वर्गशब्द बदलून मॉन्स केला आणि ऑलिम्पस हे नाव राखले. त्याच यानाच्या स्मरणार्थ व्हालेस मरिनेरिस हे नाव पडले: व्हालेस अनेकवचन, मरिनेरिस षष्ठी एकवचन, म्हणजे 'मरिनरच्या दऱ्या'. एका यंत्राच्या इंग्रजी नावाला रोमन काळातील प्रत्यय लावून ही षष्ठी बनवली, आणि ती लिओनिस, ओरायोनिस यांच्या शेजारी सहज बसते.

उच्चार आणि पडताळणी

उच्चाराविषयी वाद घालू नये. प्राचीन रोममधील उच्चार, चर्चमधील उच्चार आणि इंग्रजी वळणाचा उच्चार हे तिन्ही प्रचलित आहेत. सिग्नस, किग्नुस यांपैकी कोणताही चालेल, फक्त एकाच लेखात एकच पद्धत ठेवावी. मी येथे तारकासमूहांसाठी रूढ वळण आणि भूरूपांसाठी अक्षरानुसारी वळण ठेवले आहे. लेखन मात्र अचूक हवे, कारण षष्ठी चुकली तर समूह बदलू शकतो. लिओनिस म्हणजे सिंह आणि लिओनिस मिनोरिस म्हणजे लघुसिंह. एक शब्द गळाला की तारा दुसऱ्या समूहात जातो.

रूपाबद्दल शंका आली तर आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९२२ साली निश्चित केलेली ८८ समूहांची यादी पाहावी; तिच्या प्रमाणित तक्त्यात प्रत्येक समूहाची प्रथमा, षष्ठी आणि तीन अक्षरी संक्षेप दिलेला असतो. तीन अक्षरी संक्षेप षष्ठी लपवतो, म्हणून मोठ्याने वाचताना तो नेहमी पूर्ण षष्ठीत उलगडून म्हणावा. जुने नकाशे वापरत असाल तर १९३० साली प्रसिद्ध झालेल्या समूहांच्या अधिकृत सीमांमुळे काही नावे रद्द झाली आहेत, हे ध्यानात ठेवावे: महाश्वाच्या चौकोनाचा एक कोपरा पूर्वी डेल्टा पेगासी आणि अल्फा अँड्रोमेडी अशा दोन्ही नावांनी ओळखला जाई, आता यांतील अल्फा अँड्रोमेडी हेच नाव ग्राह्य आहे. ताऱ्यांची स्वतंत्र नावे २०१६ पासून संघाचा एक कार्यगट तपासून प्रसिद्ध करतो, आणि ग्रह व उपग्रहांवरील भूरूपांची नावे वेगळ्या नोंदवहीत वर्गशब्दांच्या अर्थांसह मिळतात. पैसे घेऊन ताऱ्याला नाव देण्याची प्रमाणपत्रे विकली जातात, पण संघाच्या नोंदीत अशा नावांना कोणतेही स्थान नाही.

अतिदूरच्या दीर्घिकांपाशी आल्यावर ही पद्धत संपते. तेथे नाव म्हणजे सर्वेक्षणाचा संक्षेप आणि आकाशातील निर्देशांक एवढेच असते. ते वाचण्यासाठी विभक्ती लागत नाही, विषुवांश आणि क्रांती यांचे आकडे लागतात.